टिक्क

रात्रीचे साडेअकरा. पंखा बंद.
दत्त नगरातली दहा बाय आठची खोली,
भिंतींवर टॉवेल टांगलेत, सगळे सेकंडचे:
कुठे काठ वाकडा, कुठे मोराला एकच पाय.
आवाज पितात बिचारे.
मीही त्यांनाच घाम पुसते.

मे महिना. भिंत अजून दुपारीच आहे.

माइकपुढे राजेशम मामा,
छत्तीस वर्षं जॉबर.
त्यांच्या हाताखालचे सोळा माग
परवा टेम्पोत चढले, किलोच्या भावाने.
आता तो आवाज त्यांच्या तोंडात तेवढा उरलाय.
टाळूला जीभ लावून धोटा मारतात,
दातांतून फणी,
आणि घशात, खूप आत, मोटारीचा पट्टा.
मी लाल बटण दाबते.

खटाक्-खट, खटाक्-खट, खटाक्-टिक्क.

ड्रायव्हर काढला. पुन्हा टाकला.
मशीन बंद करून चालू केलं.
बफर एकशे अठ्ठावीस: तव्यावर शेंगा तडतडाव्यात तसं.
दोनशे छप्पन: जरा बरं, मग पुन्हा तेच.
एक हजार चोवीसला टिक्क गेलं,
पण हेडफोनात मामा स्वतःच्याच मागे पडायला लागले.
धोटा मारायचे आणि थांबायचे,
पलीकडच्या काठावर आपणच पोचायची वाट बघत.
"मी हितं बसलोय, आन् मी अजून येतोयच की ओ."

वायफाय बंद. वायर पुढच्या खोबणीतून मागच्या खोबणीत.
वीज वाचवायची सेटिंग शोधून मोडली.
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह,
जसं काही माझंच कौतुक.
कंपनीचा नवा ड्रायव्हर नव्या विंडोजलाच चालतो;
जुना सापडला मोबाइल दुरुस्तीवाल्या श्रीकरच्या पेन ड्राइव्हवर,
कुणाच्यातरी हळदीच्या फोटोंशेजारी.

"ड्रायव्हर म्हंजे कोण ओ?" मामांनी विचारलं.
म्हटलं, हा डबा आणि कॉम्प्युटर यांच्या मधला.
डबा एक बोलतो, कॉम्प्युटर दुसरंच समजतो,
हा दोघांचं दोघांना सांगतो.
मामा गालात हसले.
घरी तेलुगू, मालकाशी मराठी,
मोटार बांधायला यायचा त्या बसय्याशी कानडी.
"दमतो ओ असला माणूस.
दमला की एखादा शब्द खातो."

मग म्हणाले,
"बाणा तुटला की काटा पडतो,
माग जागच्या जागी उभा.
तुमचं हे तुटलं तरी विणतच राहतंय.
खोड हाय ती."
त्यावर मला काही सुचलं नाही.
पट्टी मागे नेली. ऐकवली.

मी नऊ टिक्क मोजले होते.
मामा डोळे मिटून, एक बोट वर.
"ह्यो माझा न्हाई."
बोट.
"ह्यो पण न्हाई."
अकरा वेळा.
दोन मी त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

बाराव्याला बोट अर्ध्यात राहिलं.
"परत लावा."
लावलं.
"परत."
"ह्यो… ह्यो सात नंबरचा दिसतोय.
सात नंबर असाच चुकायचा.
पिकर सैल. किती आवळला तरी."
पण तोंडातून तो आलाय का
तेही त्यांना आठवेना.

मी अकरा काढले. बारावा ठेवला.
जुना ड्रायव्हर टाकला, वायरीवर चिकटपट्टी लावली,
मार्करने लिहिलं: हात लावू नये.
पुन्हा लाल बटण.
मामांनी श्वास घेतला,

आणि बाहेर नळ फुसकारला.
चौथ्या दिवसाचं पाणी, दीड वाजता.
मामा हेडफोन गळ्यातच विसरून उठले,
वायर ताणली गेली, मी आडवी झाले तिला धरायला.

बंद करायचं राहूनच गेलं.
सकाळी ऐकलं: सत्तेचाळीस मिनिटं
हंडे, बादल्या, पाइपवरून शेजारणीशी तंटा,
मध्येच मामा तेलुगूत कुणालातरी ओरडताहेत.
सगळं स्वच्छ.
एकही टिक्क नाही.